विम्याचा बाजार आणि सरकारचा टेकू

३१ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेत आरोग्यविम्याच्या हप्त्यावर मिळणारी एक वाढीव सवलत संपली. ती पुढे चालू ठेवावी की नाही, या प्रश्नावरूनच प्रामुख्याने त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारचे कामकाज १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस ठप्प झाले होते. एवढे होऊनही मुदतवाढ मिळाली नाही. सवलत संपल्यास तिच्या लाभधारकांना स्वतः भरावा लागणारा हप्ता वर्षाला सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल, असा अंदाज आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने आधीच वर्तविला होता. नव्या वर्षाबरोबर त्याचा प्रत्यय येऊ लागला.

वरवर पाहता हा त्या देशाचा घरगुती मामला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वाचा आहे. आजारपणाची तरतूद बाजारावर सोपविता येईल काय? आणि सोपवायचीच झाली, तर त्या बाजाराला सरकारचा टेकू कितपत लागतो? अमेरिकेने २०१४ पासून या बाबतीत जो प्रयोग चालविला आहे, तो नीट समजून घेतल्यास या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर मिळते.

बाजार फसतो कोठे?

आरोग्यसेवा ही इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात सांगितले होते. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते. आणि आल्यावर कोणता उपचार योग्य, हे रुग्णापेक्षा डॉक्टरला अधिक कळते. १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ यांनी या विचाराला आणखी एक जोड दिली. ज्याला आपण आजारी पडणार हे ठाऊक आहे, तो विमा घेण्यास धावतो. जो ठणठणीत आहे तो हप्ता वाचवितो. परिणामी विमा कंपनीच्या पदरी आजारी माणसेच अधिक पडतात, हप्ता वाढतो, त्यामुळे उरलेले निरोगीही बाहेर पडतात आणि हप्ता पुन्हा वाढतो. या भोवऱ्यातून सुटण्यासाठी कंपन्यांनी जो मार्ग पत्करला, तो माणसे पारखून घेण्याचा. मधुमेह, कर्करोग किंवा हृदयविकार असलेल्याला विमा नाकारणे, किंवा नेमका तोच आजार वगळून बाकीच्यासाठी विमा देणे, हा अमेरिकेत वैयक्तिक विम्याचा सर्रास रिवाज होता. ज्याला विम्याची खरी गरज, त्यालाच तो मिळू नये, अशी ही उफराटी व्यवस्था होती.

तेथील बहुसंख्य नोकरदारांना तिची झळ लागत नसे, याचे कारण ऐतिहासिक आहे. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा कामगार टिकविण्यासाठी मालकांनी वेतनाऐवजी विम्यासारख्या सोयी देऊ केल्या. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि विमा नोकरीला कायमचा जोडला गेला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. मधल्यामध्ये राहिला तो स्वतंत्र धंदा करणारा, अर्धवेळ राबणारा, लहान दुकानात काम करणारा आणि नोकरी गमावलेला माणूस. २०१० च्या सुमारास वृद्ध वगळता उरलेल्या लोकसंख्येत जवळजवळ साडेचार कोटी माणसे विम्याविना होती.

तीन पायांची तिवई

अध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेला कायदा या मधल्या माणसासाठी होता. त्याचा नमुना मॅसॅच्युसेट्स राज्यात २००६ मध्ये, मिट रॉम्नी या रिपब्लिकन राज्यपालाच्या कारकिर्दीत, आधीच सिद्ध झाला होता. या कायद्याचे तिवईसारखे तीन पाय होते. पहिला पाय म्हणजे कंपनीने कोणालाही नाकारू नये आणि पूर्वीच्या आजाराबद्दल जादा पैसे घेऊ नयेत. हप्ता ठरविताना वय, राहण्याचे ठिकाण, तंबाखूचे व्यसन आणि कुटुंबाचा आकार एवढ्याच गोष्टी पाहता येतील; प्रौढांपैकी सर्वांत वयस्करांकडून सर्वांत तरुणांच्या तिपटीहून अधिक घेता येणार नाही. दुसरा पाय म्हणजे विमा न घेणाऱ्यास दंड, जेणेकरून निरोगी माणसेही आत येतील. आणि तिसरा पाय म्हणजे ज्याला हप्ता झेपत नाही, त्याला सरकारी अर्थसाहाय्य. हे तीनही पाय एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. पहिला ठेवून दुसरा काढला तर निरोगी पळतात. दुसरा ठेवून तिसरा काढला तर गरिबावर जुलूम होतो.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी या विम्याची संघटित बाजारपेठ उघडली. तिचे मध्यवर्ती संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि सरकारचे हसे झाले. परंतु पुढील काही महिन्यांत ते सावरले आणि पहिल्याच नोंदणीत सुमारे ८० लाख लोकांनी नावे नोंदविली. काही राज्यांत ही बाजारपेठ राज्य सरकारे स्वतः चालवितात. उरलेल्या राज्यांत मध्यवर्ती सरकार चालविते. विमा मात्र खासगी कंपन्यांचाच असतो. सरकार तेथे विक्रेता नाही. ते मंडईच्या व्यवस्थापकासारखे आहे. वजनमाप तपासणे, माल मांडण्याची रीत ठरविणे आणि गरजू गिऱ्हाइकाच्या हाती काही पैसे देणे, ही त्याची कामे. रुग्णालयातील उपचार, बाळंतपण, औषधे, मानसिक आजार, तपासण्या, मुलांचे डोळे अशा दहा प्रकारच्या सेवा प्रत्येक विम्यात असल्याच पाहिजेत. आणि वैयक्तिक विम्यात गोळा झालेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम उपचारांवर व सेवेचा दर्जा सुधारण्यावरच खर्च झाली पाहिजे, असा दंडक आहे.

धातूंची उतरंड

या मंडईतील माल चार धातूंच्या नावांनी मांडलेला असतो: कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. उपचाराचा दर्जा या नावांवरून ठरतो, असा समज होणे साहजिक आहे. पण तो चुकीचा आहे. धातू एवढेच सांगतो की, सरासरी गिऱ्हाइकाच्या एकूण खर्चापैकी किती भाग कंपनी उचलील. कांस्य विमा सुमारे ६० टक्के, रौप्य ७०, सुवर्ण ८० आणि प्लॅटिनम ९० टक्के. उरलेला भाग रुग्णाचा. हा भाग तीन रूपांनी द्यावा लागतो. विमा लागू होण्यापूर्वी ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च रुग्णाने स्वतः सोसायचा असतो. त्याला डिडक्टिबल म्हणतात. त्यानंतर प्रत्येक भेटीला किंवा औषधाला ठरावीक रक्कम, किंवा बिलाचा ठरावीक हिस्सा. या साऱ्याला वार्षिक कमाल मर्यादा आहे. २०२५ साली ती एका व्यक्तीसाठी ९,२०० डॉलर होती.

तात्पर्य, हप्ता स्वस्त म्हणजे विमा स्वस्त, असे नव्हे. कांस्य विम्याचा हप्ता कमी, पण पहिले काही हजार डॉलर खिशातून जातात. धडधाकट तरुणाला हा सौदा परवडेल. दरमहा औषधे घेणाऱ्या माणसाला तो महागात पडतो. शिवाय कंपनीच्या यादीतील डॉक्टर व रुग्णालये कोणती, हे प्रत्येक विम्यात निराळे असते. ते न पाहता विमा घेणारा पुष्कळदा पस्तावतो.

साहाय्याचे गणित

अर्थसाहाय्य दोन प्रकारचे आहे आणि त्यांतील फरक ध्यानी घेतल्यावाचून ही योजना उमगत नाही. पहिले साहाय्य हप्त्यासाठी. ते करसवलतीच्या रूपाने मिळते. पण वर्षअखेरीची वाट न पाहता दरमहा थेट कंपनीकडे जाऊ शकते. त्याचे मोजमाप असे: त्या भागातील रौप्य विम्यांपैकी स्वस्ताईत दुसऱ्या क्रमांकाचा विमा प्रमाण मानावयाचा, कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा किती टक्के भाग त्यासाठी द्यावा हे कायद्याने ठरवायचे, आणि या दोहोंतील अंतर सरकारने भरून द्यावयाचे. ही रक्कम घेऊन गिऱ्हाइकाने चारांपैकी कोणत्याही धातूचा विमा घ्यावा. मालकाकडून परवडणारा विमा मिळत असेल, तर मात्र हे साहाय्य मिळत नाही.

उत्पन्न मोजण्याचा गज म्हणजे सरकारने जाहीर केलेली दारिद्र्यरेषा. २०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची रेषा धरली जाते. ती अलास्का व हवाई वगळता अन्यत्र एका व्यक्तीला १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला ३२,१५० डॉलर आहे. मूळ कायद्यानुसार या रेषेच्या १०० ते ४०० टक्क्यांमध्ये उत्पन्न असणाऱ्यांना साहाय्य होते. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत काँग्रेसने ते वाढविले आणि ४०० टक्क्यांची वरची मर्यादा काढून कोणाचाही वाटा उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून अधिक होणार नाही, असे ठरविले. २०२२ च्या कायद्याने ही वाढ २०२५ अखेरपर्यंत चालू राहिली. परिणाम स्पष्ट दिसला. २०२० मध्ये सुमारे १ कोटी १४ लाख असलेली नोंदणी २०२५ मध्ये २ कोटी ४० लाखांच्या वर गेली.

आता वाढ गेली आणि मूळचे मोजमाप परत आले. रेषेच्या दीडपट, म्हणजे २३,४७५ डॉलर उत्पन्न असलेल्या एकट्या व्यक्तीला प्रमाण विम्यासाठी २०२५ च्या दराने काहीच द्यावे लागले नसते. २०२६ च्या दराने ४.१९ टक्के, म्हणजे सुमारे ९८४ डॉलर द्यावे लागतात. दुपटीच्या, म्हणजे ३१,३०० डॉलर उत्पन्नावर ६२६ डॉलरऐवजी सुमारे २,०६६ डॉलर. घरभाडे आणि मोटारीचा खर्च भागवून महिनाअखेर गाठणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हे.

दुसरे साहाय्य उपचाराच्या वेळी रुग्णाला सोसाव्या लागणाऱ्या खर्चाचे. ते रेषेच्या अडीचपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मिळते; पण केवळ रौप्य विमा घेतला तरच. दीडपटीपर्यंत उत्पन्न असेल तर ७० टक्क्यांचा रौप्य विमा ९४ टक्क्यांचा होतो, दुपटीपर्यंत ८७ टक्क्यांचा आणि अडीचपटीपर्यंत ७३ टक्क्यांचा. म्हणजे गरीब माणसाच्या हातातील रौप्य विमा सुवर्णाहून, प्रसंगी प्लॅटिनमहूनही मोलाचा ठरतो. परंतु ही गोष्ट धातूच्या नावावर लिहिलेली नसते. हप्त्याचा आकडा पाहून कांस्य घेणारा आपल्याच हाताने हे दुसरे साहाय्य गमावतो.

या साहाय्याच्या बाबतीत २०१७ मध्ये घडलेला प्रकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने या दुसऱ्या साहाय्यापोटी कंपन्यांना दिली जाणारी भरपाई थांबविली. रुग्णांना सूट देण्याचे कायदेशीर बंधन कंपन्यांवर कायमच होते. तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांनी हा बोजा रौप्य विम्याच्या हप्त्यावर टाकला. रौप्य विमा महागताच त्याच्या आधारे मोजली जाणारी हप्त्याची सवलत आपोआप वाढली! खर्च वाचविण्यासाठी एक नळ बंद केला, तो दुसऱ्या नळातून अधिक वाहू लागला. किंमत ही एकाच दोरीची गाठ नसते. ती ओढली की दुसरीकडे काही तरी हलतेच.

कड्याची धार

वरची मर्यादा परत आल्याने जे संकट उभे राहिले आहे, ते मध्यमवर्गीयांचे आहे. समजा, साठीच्या घरातील एका दांपत्याच्या प्रमाण विम्याचा वार्षिक हप्ता २४ हजार डॉलर आहे. दोघांच्या कुटुंबासाठी ४०० टक्क्यांची रेषा ८४,६०० डॉलरवर येते. तेवढे उत्पन्न असेल, तर ९.९६ टक्के म्हणजे सुमारे ८,४२६ डॉलर त्यांनी द्यावयाचे आणि उरलेले साडेपंधरा हजार सरकारने. उत्पन्न एका डॉलरने वाढले की साहाय्य शून्य. एक डॉलर अधिक कमावल्याबद्दल पंधरा हजारांचा भुर्दंड बसविणारा कर कोणत्याही संसदेने उघडपणे बसविला नसता. सवलतीच्या आडून मात्र तो बसतो. उतार असावयास हवा होता तेथे कडा आहे.

यात आणखी एक मेख आहे. साहाय्य वर्षाच्या आरंभी अंदाजित उत्पन्नावर दिले जाते आणि वर्ष संपल्यावर करविवरणात त्याचा हिशेब होतो. अधिक मिळाले असेल तर परत करावे लागते. २०२५ च्या करवर्षापर्यंत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी या परतफेडीला मर्यादा होती. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने २०२६ पासून ती काढून टाकली. पगारदाराला आपले उत्पन्न ठाऊक असते. टॅक्सीचालक, सुतार, लहान दुकानदार यांनी डिसेंबरातली कमाई आदल्या वर्षीच कशी सांगावी?

फटीत सापडलेले

सर्वांत विचित्र स्थिती मात्र अगदी गरिबांची आहे. रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सर्व प्रौढांना मेडिकेड मिळेल, असे मूळ कायद्यात होते. म्हणून १०० टक्क्यांखालील लोकांसाठी हप्त्याच्या साहाय्याची तरतूदच केलेली नव्हती. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला, परंतु मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. पुढे ४० राज्यांनी तो स्वीकारला. टेक्सस व फ्लोरिडा यांसारख्या मोठ्या राज्यांसह दहा राज्यांनी स्वीकारला नाही. टेक्ससमधील मूलबाळ नसलेल्या एकट्या माणसाचे उत्पन्न १६ हजार डॉलर असेल, तर २०२६ च्या दराने प्रमाण विमा त्याला वर्षाला ३३६ डॉलरमध्ये मिळतो. तेच १४ हजार असेल तर मेडिकेडही नाही आणि साहाय्यही नाही. अधिक गरीब असणे हाच तेथे अपात्रतेचा निकष ठरतो.

आपल्या माणसांचा संबंध

न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना नोकरीतून विमा मिळतो. प्रश्न येतो तो नोकरी सुटल्यावर, स्वतःचा व्यवसाय सुरू केल्यावर आणि आईवडिलांना तिकडे नेल्यावर. नोकरीचा विमा तुटल्यास साठ दिवसांच्या आत बाजारपेठेत नाव नोंदविता येते. तो काळ चुकला तर वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. पर्यटक म्हणून काही महिने गेलेल्या आईवडिलांना ही बाजारपेठ खुलीच नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या वृद्धांना ती खुली आहे. कारण मेडिकेअर विकत घेण्यासाठी सामान्यतः पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते आणि मेडिकेडलाही बहुधा तेवढाच काळ थांबावे लागते. मात्र मुलाने करविवरणात त्यांना अवलंबित म्हणून दाखविले असल्यास साहाय्य मोजताना मुलाचेही उत्पन्न धरले जाते. शिवाय जुलै २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून हप्त्याचे साहाय्य परदेशस्थांपैकी मुख्यतः कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांपुरतेच राहणार आहे. तात्पुरत्या परवान्यावर काम करणारे वा शिकणारे त्यातून वगळले जातील. ते कर भरतात, पण त्या करातून उभ्या राहिलेल्या आधारावर त्यांचा हक्क राहणार नाही, असा याचा अर्थ होतो.

टेकू काढावा काय?

वाढीव सवलतीच्या विरोधकांचे सारेच म्हणणे टाकाऊ नाही. ती कायम केल्यास दहा वर्षांत सुमारे ३५ हजार कोटी डॉलरची तूट वाढेल, असे काँग्रेसच्याच अंदाजपत्रकीय कार्यालयाने सांगितले आहे. हप्ता शून्यावर आल्याने काही दलालांनी लोकांना न विचारता परस्पर नोंदण्या केल्याच्या तक्रारीही झाल्या. सरकारचा पैसा अखेर विमा कंपन्यांच्या तिजोरीत जातो आणि औषधांच्या व रुग्णालयांच्या अवाढव्य किमतींना त्यामुळे आळा बसत नाही, हा आक्षेप तर खराच आहे. अमेरिकेत विमा महाग आहे, कारण उपचार महाग आहेत; सवलत तो भार वाटून देते, हलका करीत नाही.

परंतु यावरून सवलत काढावी, हे अनुमान निघत नाही. दलालांची लबाडी रोखण्यास तपासणी पुरते. त्यासाठी लाभधारकाला शिक्षा कशाला? किमतींचा प्रश्न किमतींच्या ठिकाणी सोडवावा लागेल. आणि श्रीमंतांना सवलत नको असेल, तर कड्याऐवजी हळूहळू उतरणारी श्रेणी आखता येते. मुख्य म्हणजे, विमा न घेणाऱ्यावरील दंड २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून शून्यावर आणला गेला. तिवईचा एक पाय असा आधीच काढला असताना बाजार उभा राहिला, तो मुख्यतः तिसऱ्या पायावर, म्हणजे अर्थसाहाय्यावर. स्वस्त हप्ता हेच निरोगी माणसाला आत आणणारे एकमेव आकर्षण उरले होते. आता तोही पाय आखूड झाला आहे. बाहेर पडणार ते आधी निरोगीच असतील, आणि मागे राहणाऱ्या आजाऱ्यांचा हप्ता चढेल. ॲकरलॉफ यांनी सांगितलेला भोवरा पुन्हा फिरू लागण्यास याहून अधिक काही लागत नाही.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. बाजार आजाऱ्याला स्वखुशीने जवळ करीत नाही; त्याला तसे करण्यास कायद्याने भाग पाडावे लागते, आणि त्या कायद्याची किंमत समाजाने करांतून मोजावी लागते. ही किंमत म्हणजे दानधर्म नव्हे. बाजार चालू ठेवण्याचा तो खर्च आहे. तो उघडपणे द्यावयाचा नसेल, तर दुसऱ्या मार्गाने तो वसूल होतोच. विम्यावाचून अडलेला रुग्ण अखेर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतो. १९८६ च्या कायद्याने प्राणसंकटात असलेल्याला तेथे परत पाठविता येत नाही. त्याचे न फेडलेले बिल मग सर्वांच्याच बिलांत शिरते. प्रश्न खर्च करावा की न करावा, हा नाहीच. तो वेळेवर आणि माणसाचा मान राखून करावा, की उशिरा आणि त्याला कर्जात बुडवून करावा, एवढाच आहे. अमेरिकन काँग्रेसने २०२५ च्या अखेरीस त्याचे जे उत्तर दिले, ते अर्थशास्त्राच्या कसोटीवरही उतरत नाही आणि माणुसकीच्याही.